जुन्या पिकअपला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताय? या चुका टाळा

ठिणगीसाठी करंट तोडणारे जुने पॉइंट आणि त्यांच्यासोबतचा कंडेन्सर काढले, त्यांचं काम करणारं इलेक्ट्रॉनिक किट बसवलं, गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. आठवड्याभरात मात्र ती चढावर मिसिंग करू लागली आणि एक दिवस रस्त्यातच बंद पडली. अशा वेळी सगळे मॉड्यूललाच, म्हणजे किटमधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचलाच, दोष देतात. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा मॉड्यूल चांगलं असतं. त्याच्यापर्यंत पोचणारी वायर जुन्या जमान्याची असते आणि ती कोणी मापलेलीच नसते.

सर्वांत मोठी चूक इथेच होते. पॉइंटवर सतत पूर्ण १२ व्होल्ट दिले तर ते लवकर जळतात, म्हणून कंपन्यांनी कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या) आधी करंट कमी करणारा रेझिस्टर टाकला. इंजिन चालू असताना कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळतच नाही, साधारण ७ ते ९ व्होल्टच मिळतात. फक्त सेल्फ मारताना एका वेगळ्या वायरने बॅटरीचा थेट करंट येतो. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत हा रेझिस्टर डब्यासारखा दिसत नाही. डॅशबोर्डमागच्या वायरिंगमधली एक गुलाबी वायरच रेझिस्टन्सचं काम करते. दिसायला ती साधीच वायर, त्यामुळे लोक बिनधास्त तिलाच नवं किट जोडतात. जनरल मोटर्सच्या एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगना क्रमाने ठिणगी वाटणाऱ्या भागाला, मात्र पूर्ण १२ व्होल्ट लागतात. कमी मिळाले तर रिकाम्या गाडीत काही जाणवत नाही. मागे वजन भरून वेग घेतला की ठिणगी कमी पडते, आणि आपण कार्ब्युरेटर उघडून बसतो.

म्हणून किट विकत घेण्याआधीच मल्टिमीटर लावा. चावी चालू ठेवून आणि कॉइल जोडलेली ठेवून तिच्या पॉझिटिव्हवर व्होल्टेज बघा. कॉइल सुटी करून मापलं तर वायरमधून करंटच वाहत नाही, मग रेझिस्टर असूनही १२ दिसतात आणि फसगत होते. पॉइंट उघडे असले तरी तसंच होतं, म्हणून ते मिटलेले असताना मापा. कमी भरलं तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) बसवा: जुनी वायर फक्त रिले चालू करायला वापरा, आणि कॉइलला बॅटरीकडून फ्यूज लावलेली नवी जाड वायर द्या. सेल्फकडून येणारी बायपास वायर कापू नका, रिलेच्या त्याच टोकाला राहू द्या.

रेझिस्टरची आणि बायपासची, या दोन वाटा लक्षात असल्या की लक्षणं वाचता येतात. सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि चावी सोडताच बंद पडतं, तर रेझिस्टरकडची वाट तुटली आहे. सेल्फ फिरत असताना काहीच नाही, पण चावी सोडताना एखादा झटका देतं, तर किटला अशा ठिकाणाहून करंट दिलाय जिथला पुरवठा सेल्फच्या वेळी बंद होतो. चावी बंद केली तरी इंजिन थांबतच नाही, तर बहुधा चार्जिंगच्या लाल दिव्याच्या वायरीतून उलटा करंट येतोय; त्या वायरीत एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) पुरतो.

फोर्डच्या १९५५ पर्यंतच्या पिकअप ६ व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या) होत्या, १९५६ पासून १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ आलं. किट त्याप्रमाणेच घ्या. उलट जोडलेलं मॉड्यूल दुसरी संधी देत नाही.

कॉइल निवडताना तिचा ओहम बघा. १२ व्होल्टवर ३ ओहमची कॉइल ४ अँपिअर ओढते, दीड ओहमची ८. साध्या मॉड्यूलला हा फरक झेपत नाही. इंजिन बंद ठेवून चावी चालू ठेवली तरी अशी मॉड्यूल तापून जातात, तेव्हा रेडिओ ऐकायचा तर चावी अ‍ॅक्सेसरीवर ठेवा. तांब्याच्या तारेच्या जुन्या प्लग वायरीही बदला, त्यांच्यातून होणारा व्यत्यय इलेक्ट्रॉनिक्सला गोंधळात टाकतो.

अर्थिंगकडे तर नुकत्याच रंगवलेल्या गाड्यांत जास्त लक्ष द्यावं लागतं. ब्लॉकवर सुंदर रंग चढतो आणि डिस्ट्रिब्युटरच्या बुडाखालीही तोच रंग बसतो, मग करंट परत जाणार कुठून? सेल्फ मारताना डिस्ट्रिब्युटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर रंग खरवडा.

आता अशी चूक, जिच्यात इंजिनच जाऊ शकतं. व्ही-८ मध्ये पूर्ण डिस्ट्रिब्युटर बदलताना तो शेवटचे काही मिलिमीटर खाली बसत नाही, कारण त्याच्या खालच्या टोकावर ऑइल पंपाचा दांडा असतो आणि दोघांची खाच जुळलेली नसते. इथे क्लॅम्पचा बोल्ट आवळून तो खाली ओढू नका. हलकासा दाब देत इंजिन हाताने फिरवा. खाच जुळली की तो आपोआप खाली बसतो. मग पुन्हा एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर आणून टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जुळवा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे पिस्टन वर असूनही रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरून ठिणगी वाटणारा तुकडा) नेमका उलट्या बाजूला असू शकतो.

प्लग वायरी लावताना सिलिंडरचे नंबर गृहीत धरू नका. शेवरलेच्या व्ही-८ मध्ये डावीकडे १-३-५-७ असतात, फोर्डमध्ये उजवीकडे १-२-३-४. शेवरलेचा ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. त्यात ५ आणि ७ शेजारी असून लागोपाठ पेटतात, म्हणून त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटवून नेऊ नका. टायमिंग लाइट लावताना डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा.

पॉइंटच्या जागी बसणारं छोटं किट वापरलं असेल, तर जुने पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि फीलर गेज (पॉइंटमधली फट मापायची पट्टी) डबीत घालून गाडीतच ठेवा, आडवाटेला पुन्हा बसवता येतात. मात्र पॉइंटना पुन्हा रेझिस्टरचीच वायर लागेल. ती कापून फेकू नका, फांटा काढून रिलेला द्या आणि कॉइलकडचं टोक टेप लावून, चिठ्ठी बांधून तिथेच ठेवा.