गोंधळाचं मिक्सिंग: कन्सोलवर फेडर ऑटोमेशन कसं वापरावं

तुळजापूरकडच्या एका वयस्क गोंधळ्यांची कथा आम्ही लातूरला रेकॉर्ड केली होती. अकरा मिनिटांचं आख्यान, संबळ, तुणतुणं, झांज आणि मागे साथीदार. पहिलं मिक्स ऐकून काका म्हणाले, "पोरा, माझं बोलणं संबळानं खाल्लं की रे."

खरंच खाल्लं होतं. गोंधळी पद म्हणतो तेव्हा आवाज खणखणीत असतो, पण लगेच पुढच्या ओळीला तो देवळाच्या पायरीवर बसून गप्पा मारल्यासारखा बोलायला लागतो. कॉम्प्रेसर (मोठा आणि लहान आवाज एका पातळीवर आणणारं साधन) दाबून पाहिला, तर बोलणं वर आलं आणि त्याच्यासोबत श्वास, कपड्यांची सळसळ, खोलीतला पंखा, सगळंच वर आलं. अशा ठिकाणी फेडर, म्हणजे कन्सोलवरची (मिक्सरवरची) आवाज कमीजास्त करणारी सरकती खुंटी, हातानं वरखाली करण्याला पर्याय नाही. पण चार चॅनेल (एकेका माइकची वेगळी वाट) आणि दोनच हात, म्हणून ऑटोमेशन.

ऑटोमेशनमध्ये आवाज साठवला जात नाही, हाताची हालचाल साठवली जाते. कोणत्या क्षणी कोणता फेडर कुठे होता एवढं कन्सोल टिपून ठेवतं आणि पुन्हा वाजवलं की मोटर तो फेडर तसाच हलवते.

आधी आपलं कन्सोल तपासा

फेडर आपोआप सरकतात म्हणजे ऑटोमेशन आहेच, असं समजू नका. यामाहाच्या ०२आर९६ किंवा डीएम२००० सारख्या स्टुडिओच्या कन्सोलमध्ये टाइमकोडवर, म्हणजे वेळ सांगणाऱ्या संकेतावर, चालणारं ऑटोमेशन आतच असतं. आपल्याकडे मंडपात सर्रास दिसणाऱ्या बेरिंजरच्या एक्स३२ मध्ये मात्र सीन (सगळ्या सेटिंगची साठवलेली स्थिती) असतात, वेळेनुसार चालणारं ऑटोमेशन नसतं. तिथे मोटर असते ती लेयर (त्याच फेडरवर चॅनेलचा दुसरा गट) बदलला किंवा सीन बोलावला की फेडर जागेवर आणायला. पण एक्स३२ कॉम्प्युटरला जोडून त्याचे फेडर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला चालवायला देता येतात. मग हालचाली सॉफ्टवेअरमध्ये साठतात. पुढची कामाची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

टाइमकोड जुळवा

कॉम्प्युटर वाजवणार आणि कन्सोल त्याच्या मागे चालणार असेल, तर दोन्हीकडे फ्रेम रेट (एका सेकंदात किती फ्रेम) एकच ठेवा. व्हिडिओचं काम असेल तर भारतात सहसा 25. नुसता ऑडिओ असेल तर कोणताही चालतो, पण दोन्हीकडे तोच हवा.

मिडी (वाद्यं, कन्सोल आणि कॉम्प्युटर एकमेकांना संदेश देतात ती पद्धत) टाइमकोडमध्ये वेळेचा पूर्ण पत्ता आठ तुकड्यांत येतो आणि त्याला दोन फ्रेम लागतात, म्हणजे 25 च्या हिशोबानं 80 मिलिसेकंद. त्यामुळे प्ले दाबल्या दाबल्या कन्सोल ताळ्यावर येत नाही. मी गाण्याआधी 10 सेकंद मोकळे सोडतो आणि प्रत्येक वेळी तिथूनच सुरू करतो. मधूनच काही दुरुस्त करायचं असलं तरी पाच सेकंद मागे जायचं.

ऑटोमेशन बंद ठेवून मिक्स बसवा

ही पायरी नवी मुलं गाळतात आणि मग पाच तास फेडरशी कुस्ती खेळतात. गेन (माइककडून येणाऱ्या आवाजाची पातळी), ईक्यू (जाड-बारीक सूर कमीजास्त करणं), पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे), कॉम्प्रेसर, सगळं आधी करून घ्या. फेडर शक्यतो शून्याच्या आसपास राहतील असा गेन ठेवा. तिथे बोटभर हालचालीत थोडाच फरक पडतो. फेडर तळाला असेल तर बोट जरा हललं की आवाज धाडकन चढतो किंवा पडतो. मिक्स स्थिर झालं की तो सीन सेव्ह करा. ही तुमची सुरुवातीची जागा.

मोड समजून घ्या

'रीड'मध्ये कन्सोल फक्त साठवलेलं वाजवतं. 'टच'मध्ये बोट फेडरवर असेपर्यंत नवं लिहिलं जातं, बोट उचललं की फेडर जुन्या जागी परततो. 'लॅच'मध्ये बोट उचललं तरी फेडर आहे तिथेच राहतो आणि थांबेपर्यंत तेच लिहीत जातो. 'ट्रिम' जुन्या हालचाली तशाच ठेवून सगळ्यांना थोडं वर किंवा खाली सरकवतो. नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, वागणं साधारण हेच.

आणि 'राइट'. प्ले दाबल्यापासून समोर येईल ते पुसून नवं लिहितो, तुम्ही हात लावा अगर न लावा. एकदा मी चॅनेल राइटवर ठेवून जेवायला गेलो. परत आलो आणि सवयीनं प्ले दाबला. ज्वारीची भाकरी पोटात उतरायच्या आत दुपारभराचं काम गेलं. तेव्हापासून माझ्याकडे राइट जवळजवळ बंद आहे. शिकताना तुम्हीही टचच वापरा.

टचमध्ये फेडर परत यायला किती वेळ घ्यावा, हे बहुतेक ठिकाणी ठरवता येतं. बोलण्यासाठी अर्धा सेकंद ठीक, पण गाण्यात एवढ्या झटक्यात फेडर परतला तर आवाज दचकल्यासारखा वाटतो. तिथे एक सेकंद किंवा जास्त द्या.

स्पर्श ओळखणाऱ्या फेडरला तो कळतो बोटाच्या कातडीमुळे. नखानं किंवा पेन्सिलीनं ढकललंत तर त्याला काही कळत नाही आणि मोटर तुमच्याशी भांडत बसते.

एका फेरीत एकच गोष्ट

पहिली फेरी मुख्य आवाजाची. आख्यान कागदावर लिहून काढा आणि बोलणं कुठे सुरू होतं तिथे खूण करा. कारण ऐकून फेडर चढवला तर उशीर झालेलाच असतो, पहिलं अक्षर बुडतं. शब्दाआधीच्या श्वासात फेडर हलला पाहिजे. म्हणून पाठ असलेलं आख्यान मिक्स करायला सोपं जातं. मी ही कथा तीनदा नुसती ऐकली, चौथ्यांदा बोट ठेवलं.

दुसरी फेरी संबळाची. काकांचं बोलणं 4 डेसिबल चढवायचा मोह झाला होता, पण तेवढ्यानं आवाज अंगावर येतो. त्यापेक्षा बोलणं 2 चढवलं आणि त्याच जागी संबळ 2 उतरवला. ऐकणाऱ्याला दोन्ही हालचाली कळत नाहीत, शब्द मात्र कळतात.

साथीदारांचा माइक आख्यानात म्यूट करू नका. म्यूट झाला की खोलीची हवाच गायब होते आणि परत आला की कानाला ठेच लागते. फेडर 10 डेसिबल खाली घ्या, पुरे. आणि 'उदे उदे'चा गजर येतो तिथे हात बांधून बसा. तो उसळू द्या, उसळण्यासाठीच आहे तो.

पॅन, रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) यांचं ऑटोमेशन शेवटी, लागलंच तर. गोंधळात सहसा लागत नाही.

प्रत्येक फेरीनंतर नव्या नावानं सेव्ह करा आणि चॅनेल रीडवर आणा. आपल्याकडची लाइट कधी जाईल याची खात्री नाही, तेव्हा कन्सोल आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर हवेत, आणि पेन ड्राइव्हवर एक प्रत वेगळी. उन्हाळ्यात काम संपलं की फेडरवर कापड टाका. इथली धूळ फेडरच्या फटीत बसली की मोटर अडखळते.

मंडपात लाइव्ह असाल तर यातलं बरंचसं उपयोगी नाही. गोंधळी टाइमकोडवर चालत नाही, तो समोरच्या माणसांकडे बघून कथा लांबवतो. तिथे पदाचा एक आणि आख्यानाचा एक असे दोन सीन करा, मुख्य आवाजाचा चॅनेल सीन बदलण्यातून वगळा आणि तो फेडर हातातच ठेवा.

स्टुडिओत शेवटी सगळे चॅनेल रीडवर टाकून, हात मांडीवर ठेवून, पूर्ण कथा पहिल्यापासून स्टीरिओत रेकॉर्ड करून घ्यायची.

काकांना ते दुसरं मिक्स फोनवर ऐकवलं. संबळाचं नावही काढलं नाही त्यांनी. म्हणाले, "तुणतुणं कुठं गेलं रं?" मग तुणतुण्याचा चॅनेल ट्रिमवर टाकला, दीड डेसिबल वर घेतला आणि अकरा मिनिटं परत बसलो.