राज्य कोणावर? खेळातून राग, रुसवा आणि गट्टी सांभाळायला शिकवताना

मुलांना भावना ओळखायला शिकवायचं म्हणून बाजारातून नवे खेळ आणायची गरज नाही. राज्य, गडी, कच्चा लिंबू, टाइम प्लीज, रडीचा डाव, कट्टी-बट्टी हे सगळे शब्द मुलांच्या भांडणांतूनच तयार झाले आहेत आणि भांडण आवरायच्या युक्त्याही त्यांतच आहेत. मोठ्यांनी खेळ नीट निवडायचा, एखादा नियम बदलायचा आणि बाकी वेळ गप्प बसायचं. यातलं गप्प बसणं सगळ्यात जड जातं.

इथे दिलेलं सगळं ५ ते १० वर्षांच्या ६ ते ८ मुलांना धरून आहे. वेळ ४० मिनिटं: गडी वाटायला ५, खेळाला २५, शेवटी खाली बसायला १०. मुलं आठाच्या वर गेली तर दोन घोळके करा. पाळी यायला फार वेळ लागला की मुलं कडेला स्वतंत्र भांडण सुरू करतात.

गडी वाटताना

निम्मी रुसारुशी खेळ सुरू व्हायच्या आधीच होते. दोन कप्तान उभे राहून एकेक नाव घेऊ लागले, की शेवटी उरलेल्या मुलाला सगळ्यांसमोर आपली किंमत कळते. जुनी पद्धत यापेक्षा शहाणी आहे. साधारण बरोबरीच्या दोन मुलांनी जोडी करून लांब जायचं, कानात कुजबुजून नावं ठरवायची, मग कप्तानांसमोर येऊन विचारायचं, "आंबा घेणार की पेरू?" कप्तानाला आंबा कोण ते माहीत नसतं, त्यामुळे नको असलेला गडी असा कोणी उरतच नाही. जोड्या मात्र तुम्ही लावा. मुलांवर सोडलं तर जिवलग मैत्रिणी जोडी करतात आणि मग वेगळ्या संघांत गेल्या म्हणून रडतात. विषम संख्येत उरलेला गडी अर्धा वेळ एकीकडून, अर्धा वेळ दुसरीकडून खेळतो.

सगळ्यात लहान मूल कच्चा लिंबू. त्याने पळायचं, ओरडायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. नियम न मोडता लहानग्याला सामावून घ्यायची याहून सोपी तऱ्हा नाही. गडबड होते ती त्याला कायमचं कच्चं ठेवल्यावर. सात वर्षांच्या मुलाला कच्चा लिंबू म्हणणं हा अपमानच. "आजपासून मी पक्का" हे जाहीर करायचा हक्क त्या मुलाकडेच ठेवा. एखाद्याला पळायला किंवा नीट दिसायला त्रास असेल, तर त्याला लिंबू न करता नियम वाकवा: त्याच्यासाठी रेषा ४ फूट पुढे आखा, किंवा एक फेक जास्त द्या.

भावनांच्या चिठ्ठ्या

पावसाळ्यात घरात बसून खेळायला हा बरा. १२ चिठ्ठ्या करा. त्यांवर भावनेचं नाव लिहू नका, प्रसंग लिहा: पतंग काटला गेला. आजी गावाला निघाली. मित्राला नवी सायकल मिळाली. सगळ्यांसमोर उत्तर चुकलं. एकाने चिठ्ठी वाचून न बोलता अभिनय करायचा, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा आणि तो कशावरून ओळखला तेही सांगायचं: भुवया, खांदे, हात, नजर.

चिठ्ठीवर नुसतं "राग" लिहिलं की प्रत्येक मूल दात-ओठ खाऊन मुठी वळतं आणि खेळ पाच मिनिटांत संपतो. प्रसंग असला की शब्दांची गरज भासते. आपल्याकडे शब्द काही कमी नाहीत: चिडणं वेगळं, रुसणं वेगळं, फुरंगटणं, हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, हेवा वाटणं हे सगळं निरनिराळं. रुसलेल्याला कोणीतरी समजूत काढायला यावं असं वाटत असतं. ओशाळलेल्याला थोडा वेळ कोणी पाहू नये असं वाटतं. हा फरक ज्या मुलाला कळला, ते ओशाळलेल्या मित्राच्या मागे "काय झालं, काय झालं" करत फिरत नाही.

एकाच अभिनयाला दोन उत्तरं आली तर फार चांगलं. कंटाळा आणि हिरमोड लांबून सारखेच दिसतात. कोण बरोबर ते सांगून टाकू नका. अभिनय करणाऱ्यालाच विचारायला लावा. चेहरा बघून अंदाज करायचा, पण खात्री विचारूनच करायची, ही सवय इथे लागते.

लगोरी, जरा जवळून

सामान: ७ चपट्या ठिकऱ्या आणि एक चेंडू. ठिकऱ्या फुटक्या कौलाच्या किंवा फरशीच्या चालतात, कडा दगडावर घासून घ्या. तळाची तळहाताएवढी, वरची बिस्किटाएवढी. सात वर्षांखालच्यांना टेनिसचा चेंडू सणसणीत लागतो आणि मग भावनांचा तास वेगळ्याच दिशेला जातो. जुन्या मोज्यांची गुंडाळी पुरते. लहानांना ६ ते ८ फुटांवरून फेकू द्या, मोठ्यांना १५ फुटांवरून.

एका संघाने लगोरी फोडायची आणि अंगाला चेंडू लागायच्या आत पुन्हा रचायची. आता बघा: पाच ठिकऱ्या बसल्या आहेत, सहावी ठेवणाऱ्या मुलीचा हात थरथरतो, रचलेलं सगळं ढासळतं आणि चार तोंडांतून एकदम "तुझ्यामुळे!" निघतं. त्या क्षणी शिट्टी मारून उपदेश केलात तर ती मुलगी दुसऱ्यांदा सगळ्यांच्या नजरेत येते. खेळ चालू राहू द्या. पुढच्या डावाला फक्त एक नियम जोडा: ठिकरी पडली की पहिला ओरडणारा तिच्या शेजारी बसून पुढची ठिकरी लावेल. ओरडण्याची किंमत म्हणजे मदत. दोन-तीन डावांत "तुझ्यामुळे"च्या जागी "लाव लाव, पटकन" ऐकू येतं.

टाइम प्लीज प्रत्येकाला डावात दोनदा. एक मिनिट बाजूला जायचं, कारण विचारायचं नाही. मुलं याचा वापर बाद होणं चुकवायलाही करतात, म्हणून चेंडू हातातून सुटल्यावर टाइम प्लीज चालणार नाही हे आधीच सांगून ठेवा. त्या मिनिटात करायला काहीतरी लागतं. "शांत हो" म्हणून कोणी शांत होत नाही. कबड्डीचा दम द्या: एका श्वासात, अगदी हळू आवाजात "कबड्डी कबड्डी" म्हणायचं, असं तीनदा. कबड्डीतली चढाई ३० सेकंदांची असते, इथे दहा-बारा सेकंदांचा दम पुरतो. श्वास लांब सुटला की छातीतली धडधड उतरते. "दम धर" चा अर्थही मुलांना इथे फुकटात कळतो.

पिदवणं

एकाच मुलावर पुन्हा पुन्हा राज्य आणून त्याला दमवायचं, याला मुलं पिदवणं म्हणतात. डबा ऐसपैस आणि विषामृतात हे हमखास होतं. थोडं पिदवलं तर मजा असते, त्यापुढे तो छळ होतो आणि रेषा कुठे ते पिदवणाऱ्यांना दिसत नाही. सरळ नियम करा: सलग तीन वेळा राज्य आलं की चौथ्यांदा आपोआप दुसऱ्यावर. रोज तेच मूल पिदवलं जात असेल, किंवा खेळ सुटल्यावरही त्याला वगळत असतील, तर नियम बदलून भागणार नाही. तिथे मोठ्यांनी मध्ये पडून दोन्हीकडच्या पालकांशी बोलायलाच हवं.

हरणं

पाच-सहा वर्षांच्या मुलांना सापशिडी पुरे, कारण तिथे हरण्यात कोणाचाच दोष नसतो. या खेळाचा जुना अवतार मोक्षपट, त्यात शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. मुलांना मात्र साप हा निव्वळ अन्याय वाटतो आणि आपल्याला तोच हवा आहे. १०० घरं पाच वर्षांच्या मुलाला फार होतात, ५० वर डाव संपवा. फासा टाकण्याआधी ठरवा: साप लागला तर रडायला, कण्हायला, "छे!" म्हणून ओरडायला परवानगी. पट उधळायला नाही. उधळला तर त्या दिवशीचा खेळ बंद, उद्या नवा डाव. मुद्दाम हरू नका. बाबा खोटं हरतात हे मुलांना कळतं आणि मग जिंकणंही खोटं होतं.

कट्टी-बट्टी

"चल, सॉरी म्हण" ने तोंडचं सॉरी मिळतं. कट्टी झालेल्यांना त्या दिवशी सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोघांना मिळून एकच काम द्या: प्रत्येकाने फक्त डावा हात वापरून सात ठिकऱ्यांची लगोरी रचायची. एकाने धरल्याशिवाय दुसऱ्याची बसत नाही, त्यामुळे "थांब", "आता सोड" एवढं तरी बोलावं लागतं. बहुतेक वेळा बट्टी तिथेच होते. नाही झाली तर राहू द्या. तिघांच्या गटात दोघांची गट्टी आणि तिसरा बाहेर, हे चालूच राहतं. चौथं मूल बोलवा किंवा जोडीचे खेळ टाळा.

शेवटच्या दहा मिनिटांत "आज काय शिकलात?" विचारलंत तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळेल, खरं मिळणार नाही. एकच प्रश्न विचारा: "पोटात गोळा कधी आला?" उत्तर नाही आलं तरी चालेल.

आणि सगळ्यात जास्त वाद घालणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं पंच करा. शिट्टी हातात आली की तो ती सतत फुंकत बसतो, म्हणून सोबत पाच चिंचोके द्या. एका शिट्टीला एक चिंचोका परत करायचा. पहिले चार दोन मिनिटांत उडतात. पाचवा मुठीत धरून तो खेळ बघत राहतो.