महिला दर्जा आयोगाला जाताय? या चुका टाळा

नवं वर्ष उजाडलं की मुंबईतल्या महिला संघटनांमध्ये लगबग सुरू होते. मार्चमध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महिला दर्जा आयोगाच्या अधिवेशनाला कोण जाणार, बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाची तारीख कधी मिळणार, पैसे कुठून आणायचे. अधिवेशनात मंजूर व्हायच्या दस्तऐवजाच्या मसुद्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. कच्चा मसुदा अधिवेशनाच्या काही आठवडे आधीच देशांच्या हाती पडतो आणि एकेका परिच्छेदावर घासाघीस सुरू होते. २०२५ मध्ये तर राजकीय जाहीरनामा पहिल्याच दिवशी, १० मार्चला, मंजूर झाला. त्यानंतर सभागृहात मिळालेल्या दोन-तीन मिनिटांत कितीही पोटतिडकीने बोला, त्यातला स्वल्पविरामही हलत नाही. तेव्हा आपलं म्हणणं जानेवारीतच दिल्लीला, महिला व बालविकास आणि परराष्ट्र मंत्रालयाकडे, लेखी गेलेलं हवं.

दुसरी गफलत पासची. संस्था नोंदणीकृत आहे एवढ्यावर संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत प्रवेश मिळत नाही. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्याच आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा लागतो. संस्था किमान दोन वर्षं जुनी हवी आणि अर्जाची मुदत १ जून, तीही पुढच्या वर्षीच्या विचारासाठी. १९९५ साली बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेच्या वेळी स्वयंसेवी संस्थांचा मेळा शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर हुआइरोला भरवला होता. दर्जा नसेल तर आजही आपल्या वाट्याला बाहेरचे समांतर कार्यक्रमच येतात. ते वाईट नसतात, पण तिथे बहुतेक वेळा आपणच आपल्याला ऐकवत असतो. दर्जा असलेल्या एखाद्या संस्थेच्या प्रतिनिधी म्हणून आत जाता येतं, हे लक्षात ठेवा.

काहीजणी एखादं प्रकरण घेऊन थेट ‘सीडॉ’ समितीकडे, म्हणजे महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीकडे, तक्रार करायला निघतात. भारताने १९९३ मध्ये करार मान्य केला, पण वैयक्तिक तक्रारीची वाट उघडणारा १९९९ चा ऐच्छिक पूरक करार (ऑप्शनल प्रोटोकॉल) स्वीकारलेला नाही. त्यामुळे ते दार बंद आहे. समितीसमोर भारताची पाळी येते तेव्हा पर्यायी अहवाल मात्र देता येतो. संयुक्त राष्ट्रांची मानवाधिकार परिषद प्रत्येक देशाच्या मानवाधिकार स्थितीचा ठरावीक काळाने आढावा (यूपीआर) घेते, त्यातही म्हणणं मांडता येतं: एकट्या संस्थेला २,८१५ शब्द, संयुक्त निवेदनाला ५,६३०. या दोन्हींसाठी सल्लागार दर्जाची अट नाही.

आता मजकुराकडे वळू. गोवंडीच्या बैठकीत घरकामगार बाई म्हणते, “ताई, रविवारी पण बोलावतात, नाही गेलं की पगार कापतात.” आपण त्यावर ‘महिला सक्षमीकरण’ असं दोन पानी भाषण लिहितो. त्यापेक्षा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा (आयएलओ) घरकामगारांविषयीचा २०११ चा करार क्रमांक १८९ काढा. त्याच्या कलम १० मध्ये आठवड्याला सलग किमान २४ तास विश्रांती आहे. भारताने त्याला अजून अनुसमर्थन दिलेलं नाही. आधी बाईचं वाक्य, मग कलम, मग मसुद्यात कुठल्या परिच्छेदात काय घालायचं ते. एका पानात बसवा. वाटाघाटीला बसलेल्या अधिकाऱ्याला नेमकं तेवढंच वाचायला वेळ असतो.

राहता राहिले पैसे. परदेशी संस्थेकडून संघटनेसाठी येणारा निधी रोजच्या खात्यात घेऊ नका. परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. प्रवासखर्च कुणाच्या नावावर, कसा घ्यायचा, हे सीएला आधीच विचारून घ्या.