उन्हाळ्याच्या सुपाऱ्या आणि घरची आगोट: कोकणातल्या वादकाने तारखा कशा बांधाव्यात

शिमग्याची पालखी देवळात परतली की पखवाजी, पेटीवाले, तबलजी आणि बेंजोवाले यांचे फोन सुपाऱ्यांसाठी, म्हणजे कार्यक्रमांच्या आमंत्रणांसाठी, वाजू लागतात. वाडीवाडीतल्या सत्यनारायणाच्या पूजा, त्यांना जोडून डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) नाहीतर दशावतार, लग्नांच्या आदल्या रात्रीच्या हळदी, आणि मे महिन्यात चाकरमानी उतरले की क्रिकेट स्पर्धेच्या बक्षीस समारंभालाही ऑर्केस्ट्रा. नेमक्या याच दिवसांत घरात आंबा उतरवायचा असतो, कोकमाची सोले वाळत पडलेली असतात, पोरांना सुट्टी असते आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामे डोक्यावर असतात. हे दोन्ही हंगाम एकाच अडीच महिन्यांत बसवायचे तर सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करावी.

आधी घरच्या तारखा, मग सुपाऱ्या

कॅलेंडर एकच ठेवा आणि तेही स्वयंपाकघरात. फोनमधली नोंद घरच्यांना दिसत नाही. मग १० मेची सुपारी घेतल्यावर त्याच दिवशी मामेबहिणीच्या मुलाची मुंज आहे, हे ९ तारखेला कळते. मार्चच्या मध्यावर अर्धा तास घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा आणि निळ्या पेनाने या तारखा भरा: मुलांच्या परीक्षा संपण्याचा दिवस, जवळच्या नात्यातली लग्ने आणि मुंजी, गावदेवीचा वार्षिक कार्यक्रम, आईवडिलांच्या दवाखान्याच्या तारखा. त्यानंतर आगोट: छपराचे नळे (कौले) परतायचे दोन दिवस, लाकडे फोडून खोपीत रचायचा एक, पन्हाळी आणि गटारे साफ करायचा एक. कलमे असतील तर काढणीचे दिवस नक्की सांगता येत नाहीत, म्हणून पंधरवड्याला तीन दिवस नुसते 'आंबा' म्हणून अडवून ठेवा.

याशिवाय आठवड्यातला एक दिवस पूर्ण घरचा. इथे बहुतेकांची चूक होते. रविवार अडवतात, आणि पूजा-लग्ने शनिवार-रविवारी असल्याने तो पहिल्याच आठवड्यात मोडतो. मे महिन्यात मुलांना सगळे वार सारखेच, तेव्हा बुधवार धरा. (सोमवार मोकळा सापडेल, पण त्या दिवशी कितीतरी घरांत मासे शिजत नाहीत. घरचा दिवस म्हणायचा आणि जेवायला वरणभात, हे काही खरे नाही.)

निळ्या नोंदी झाल्या की बाहेरच्या तारखांना पेन्सिल. इसार (आगाऊ रक्कम) हातात आला की तीच तारीख लाल पेनाने. लाल आणि निळे एकाच चौकोनात कधीच नको. पेन्सिल आणि निळे आले तर खोडायची ती पेन्सिल.

पंचांग उघडून बघा

लग्नाच्या सुपाऱ्या मुहूर्तांवर चालतात. गुरू किंवा शुक्राचा अस्त असला की मुहूर्त नसतात, अधिक मासातही नसतात. २०२६ चे उदाहरण घ्या. अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे हळदीची कामे मेच्या मध्यालाच थांबणार आणि एप्रिलच्या मुहूर्तांवर झुंबड उडणार. भजन, सप्ताह, पारायणे यांना मात्र अधिकाचे वावडे नाही, उलट मागणी वाढते. जो वादक दोन्हीकडे वाजवतो त्याने अशा वर्षी लग्नाच्या तारखा १५ मेच्या आत घ्याव्यात आणि पुढचा पंधरवडा भजनासाठी सुटा ठेवावा. अधिकामुळे गणपतीही लांबतात. २०२६ ला चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला आहे. पैशांचे बोलताना हा मुद्दा पुन्हा येईल.

तारीख देण्याआधीचे प्रश्न

मंडळाचा फोन येतो: "बुवांनू, धा तारीख मोकळी आसा काय?" लगेच हो म्हणू नका. "घरात बघून सांजेक कळवतंय," एवढे पुरे. तेवढ्या वेळात कॅलेंडर बघून होते आणि विचारायच्या गोष्टीही आठवतात:

कार्यक्रम खरा किती वाजता उभा राहणार? रात्री १० नंतर सकाळी ६ पर्यंत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. मोजक्या सणांच्या दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देते, पण वाडीतली पूजा त्यात बसेलच असे नाही. महाप्रसादाची पंगत लांबली आणि साडेनऊला गण (सुरुवातीचे गणेशस्तवन) सुरू झाला, तर अर्ध्या तासात माईक बंद करायची पाळी येते आणि मानधनावरून कुरकुर सुरू होते. वेळ आधीच ठरवून घ्या आणि उशीर मंडळाकडून झाला तरी मानधन पूर्ण, हेही बोलून टाका.

गाण्याची पट्टी (मूळ सूर) कोणती? म्हणजे कोणता पखवाज न्यायचा ते ठरते.

छप्पर आहे का? २० मेनंतरच्या प्रत्येक तारखेला हा प्रश्न हवाच. २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल झाला होता आणि कोकणात त्याआधीच धो धो कोसळत होता. पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर इसार परत नाही, पुढची तारीख दिली तर तोच इसार धरायचा, असे साधे ठेवा आणि व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. तोंडी बोलणे जूनपर्यंत कुणाला आठवत नाही.

राहायची सोय, आणि वाटेत खाडी आहे का? दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडले या फेरीबोटींनी दिवसा बरेच अंतर वाचते. कार्यक्रम संपेपर्यंत शेवटची फेरी सुटलेली असते आणि परतीला खाडीला वळसा पडतो. म्हणून जातानाचे अंतर बोटीने मोजा, येतानाचे रस्त्याने.

मुंबईची सुपारी असेल तर गाडीचा विचार उलटा करा. एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला गर्दी मुंबईकडून कोकणात येते, मेअखेर ती परत जाते. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात जाताना जागा मिळेल, परतीचीच मारामार. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. परतीचे तिकीट त्याच दिवशी काढा, जातानाचे मागाहून काढले तरी चालते.

रात्री आणि झोप

लागोपाठ दोन रात्री, तिसरी घरी. याहून जास्त ताणले की आधी हात जड होतो, मग तोंड कडू होते आणि घरात त्यावरून वाजते. मे महिन्यात एखादा आठवडा चार रात्रींचा होणारच. तेव्हा निदान तिसरा आणि चौथा कार्यक्रम तासाभराच्या अंतरातला घ्या.

पहाटे दोन ते पाच ही डुलकीची वेळ. त्यातून महामार्गावर बसलेली गुरे आणि घाटातली वळणे. नियम ठोकून ठेवा: गाडी ज्याच्या हातात तो त्या रात्री वाजवत नाही आणि दुपारी झोपलेला असतो. असा माणूस नसेल आणि वाटेत आंबा, फोंडा किंवा कुंभार्ली घाट असेल, तर देवळाच्या सभामंडपात पथारी टाकून उजाडल्यावर निघा. सतरंजी, उशी आणि मच्छर अगरबत्ती गाडीत कायमची ठेवा. एकनंतर चहा बंद. त्यानंतर घेतलेला चहा घरी पोहोचल्यावर छपराकडे बघायला लावतो.

पाचला घरी आलात तर वाटीभर गरम पेज घ्या आणि पडवीत न झोपता आतल्या अंधाऱ्या खोलीत झोपा. पडवीत सहाला उजेड, साडेसहाला मासेवाली आणि सातला पोरे. घरच्यांशी ठराव असा की दहापर्यंत उठवायचे नाही, दुपारी दीड तास पुन्हा झोप. त्या बदल्यात चार ते सात फोन बंद आणि मुलांबरोबर नदीवर किंवा बागेत. हा ठराव दोन्ही बाजूंनी पाळला तरच टिकतो. चार वाजता "एकच फोन" म्हणून बाहेर गेलेला माणूस सहाला परत येतो, हे घरात सर्वांना ठाऊक असते.

वाद्य

घरातला वेळ खाणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऐन हंगामात फाटलेली पुडी, म्हणजे पखवाजाच्या तोंडावरचे चामडे. ती बसवून घ्यायला एक पूर्ण दिवस जातो, आणि तो बहुधा बुधवारच असतो.

चामडे दमट हवेत सैल पडते आणि सूर उतरतो. कोरड्या हवेत आवळते आणि सूर चढतो. देवगड, मालवण, गुहागर, हर्णै असा किनारा असेल तर मध्यरात्रीनंतर उघड्या मैदानात सूर हमखास खाली येतो. घाट चढून कोल्हापूरला गेलात की उलटे. तिथल्या कोरड्या हवेत किनाऱ्यावर ताणलेली पुडी आणखी आवळते आणि गजऱ्यापाशी (पुडीच्या विणलेल्या कडेपाशी) फाटते. म्हणून घाटावर निघण्याआधी गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) थोडे वर सरकवून वाद्या, म्हणजे पुड्या ताणणाऱ्या चामडी पट्ट्या, सैल करा. दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या आत तापमान ५० अंशांवर सहज जाते, तिथे शाईला (पुडीवरच्या काळ्या थराला) चिरा पडतात. जेवायला थांबलात तरी पखवाज खांद्यावर. एसटीच्या डिकीत तर नकोच.

जागेवर पाऊण तास आधी पोहोचा. गवसणी काढून पखवाज वीस मिनिटे नुसता ठेवा. चामड्याला तिथली हवा लागू द्या. आल्या आल्या लावलेला सूर गणातच घसरतो. तेवढ्यात कणीक मळा: लिंबाएवढा गोळा, चपातीच्या कणकेपेक्षा सैल, मीठ अजिबात नाही, कारण मीठ ओल धरते. धुमेच्या (पखवाजाच्या डाव्या, खर्जाच्या तोंडाच्या) मध्यावर ओले बोट फिरवून गोळा चिकटवा आणि कडेने दाबत पातळ करा. आवाज उघडा वाटला तर कणीक वाढवा, कोंदट वाटला तर काढा. मग हातोडी. गठ्ठे धुमेकडे ठोकले की वाद्या ताणतात आणि सूर चढतो. समोरासमोरचे गठ्ठे आळीपाळीने ठोका, एका बाजूने फिरत गेलात तर पुडी तिरकी बसते. बारीक फरक गजऱ्यावर काढा: वरून ठोका दिला की चढतो, खालून दिला की उतरतो.

हॅलोजनखाली आणि पंख्यासमोर कणीक तासाभरात सुकून तडकते. मध्यंतरात तिच्यावर ओले फडके टाका. कार्यक्रम संपल्यावर, कितीही झोप आली तरी, चमच्याच्या कडेने कणीक खरवडून चामडे पुसल्याशिवाय गवसणी घालू नका. कणीक राहिली की सुकताना चामडे ओढते, आणि कोकणातल्या माळ्यावर उंदीर-झुरळांना ती आमंत्रणच.

पेटीचे थोडक्यात: खाऱ्या दमट हवेने लाकूड फुगते आणि पट्ट्या अडकतात. खोक्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा, रंग बदलला की मंद आचेवर तव्यात तापवून पुन्हा वापरा. अडकलेली पट्टी मांडवात बसून तासू नका, पावसानंतर लाकूड आक्रसले की ती सैल होऊन वाजते.

पैसे

समजा मानधन २,००० रुपये. प्रवासाचा वाटा ३००, चहापाणी १००, वाद्याच्या डबीत २००. उरले १,४००. आंबा काढणीच्या दिवशी सुपारी घेतली तर गड्याची मजुरी याच १,४०० मधून वजा करा, तेव्हाच ती परवडते की नाही हे कळते. बरेचदा परवडत नाही, आणि घरच्यांनी एकट्याने झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन राबल्याचा राग वर उरतो.

उरलेल्याचा तिसरा हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. जूनमध्ये शाळेची वह्या-पुस्तके, रेनकोट आणि आगोटीचे तांदूळ, सुकी मासळी, कडधान्ये एकदम येतात, आणि पुढची कमाई गणपतीत. चतुर्थी ऑगस्टअखेर असली तर अडीच महिने काढायचे असतात, २०२६ सारख्या वर्षी पूर्ण तीन.

मुलांना सोबत नेताना

महिन्यातून एकदा न्यायला हरकत नाही, पण जवळच्या आणि लवकर संपणाऱ्या कार्यक्रमाला. सोबत एक मोठे माणूस हवेच, कारण तुम्ही बैठकीवरून उठू शकत नाही. बसायची जागा स्पीकरच्या मागे किंवा बऱ्याच बाजूला, कधीच पुढ्यात नाही. लहानग्यांच्या कानात फोमचे बोळे. दशावतार असेल तर रंगपटात रंग लावताना दाखवा, मुले तासभर हलत नाहीत. झोपायची पथारी मात्र तिथे नको, तिथे पहाटेपर्यंत ये-जा असते.

हंगाम उतरल्यावर

शेवटच्या कार्यक्रमानंतर दोन दिवसांत, पाऊस लागण्याआधी, पखवाजाचे गठ्ठे सैल करा, पेटी उन्हात न ठेवता सावलीत अर्धा दिवस उघडी ठेवा, खोक्यात डांबरगोळ्या कापडात बांधून टाका. वाद्ये चुलीच्या वरच्या माळ्यावर नकोत आणि जमिनीलगतही नकोत. फळी टाकून भिंतीपासून चार बोटे सुटी ठेवा. कॅलेंडरची एप्रिल-मेची पाने फाडून टाकू नका. कोणत्या मंडळाने उशीर केला, कुठे छप्पर नव्हते, कोणता बुधवार मोडला, हे त्यांच्या मागच्या बाजूला लिहा आणि वाद्याच्या खोक्यात ठेवा. मार्चमध्ये पहिला फोन येईल तेव्हा तीच काढायची आहेत.