साखरेवरच्या करासाठी पत्र कसं लिहावं

आधी टपरीवरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या आणि मागच्या बारीक अक्षरांत १०० मिलीला किती साखर ते वाचा. १० ग्रॅम असेल तर ३०० मिलीत ३० ग्रॅम, म्हणजे सात चमचे! पालकसभेत मी तेवढी वाटीत काढूनच दाखवते.

मागणी एकच ठेवा: कर साखरेच्या प्रमाणावर हवा. सप्टेंबर २०२५ पासून गोड सोड्याला ४० टक्के जीएसटी आहे, पण बिनसाखरेच्या डाएट सोड्यालाही तेवढाच. मग कंपनी साखर कमी कशाला करेल? ब्रिटनमध्ये २०१८ पासून १०० मिलीला ५ ग्रॅमच्या आत साखर असेल तर साखरेचा कर नाही. तो लागू होण्याआधीच कित्येक कंपन्यांनी साखर उतरवली.

ऊसवाल्यांचं नुकसान होईल, असं पुढे केलं जाईल. कर बाटलीवर आहे, उसावर नाही, हे ठामपणे लिहा. दर जीएसटी परिषद ठरवते आणि तिथे राज्यांचे मंत्रीही बसतात, म्हणून पत्र राज्याच्या अर्थमंत्र्यांना पाठवा, प्रत आमदारांना.