पाच नाईक, वीस मशिनं, एकच लॉगिन: लिनक्स क्लायंट एलडीएपी सर्व्हरला कसे जोडावेत

फोंड्याच्या आमच्या लॅबमध्ये वीस मशिनं आणि एकाच वर्गात पाच नाईक. प्रत्येक मशिनवर वेगळी खाती उघडली, तर १००१ हा क्रमांक एका मशिनवर एका नाईकाचा आणि शेजारच्यावर दुसऱ्याचा. युनिक्सला नावाचं काही पडलेलं नसतं. फाइल कुणाची, हे तो यूआयडी या आकड्यावरून ठरवतो. मग सामाईक फोल्डरात एकाचा प्रकल्प दुसऱ्याच्या नावावर लागतो. म्हणून खाती एका डिरेक्टरी सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांची एकच नोंदवही सांभाळणाऱ्या मशिनवर ठेवायची आणि सगळ्या मशिनांनी तिथे विचारायचं. या विचारण्याची ठरलेली भाषा म्हणजे एलडीएपी. पूर्वी हे काम सन कंपनीची एनआयएस करायची. तिचं मूळ नाव यलो पेजेस. ट्रेडमार्कमुळे ते बदललं, पण कमांडींच्या सुरुवातीचं ‘वायपी’ तसंच राहिलं.

सर्व्हर तयार आहे आणि क्लायंटवर, म्हणजे विचारणाऱ्या मशिनांवर, डेबियन किंवा उबुंटू आहे, असं धरतो. सर्व्हरवरचे यूआयडी १०००० पासून पुढे द्या, कारण मशिनवरची स्थानिक खाती १००० पासून सुरू होतात.

सुरुवातीलाच एका टर्मिनलमध्ये रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, म्हणून लॉगिन करा आणि काम संपेपर्यंत ती खिडकी बंद करू नका. लॉगिनची व्यवस्था बिघडली तर आत शिरायला तेवढंच दार उरतं.

आता घड्याळ. आमचा अर्धा दिवस इथेच गेला होता. चवथीच्या सुट्टीत मशिनं बंद होती, मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली, आणि सुट्टीनंतर तीन मशिनं थेट काही वर्षं मागे गेली. सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे त्याची ओळख पटवणारी डिजिटल फाइल, त्यांच्या हिशेबाने अजून लागूच झालं नव्हतं, त्यामुळे जोडणी नाकारली जात होती आणि आम्ही मात्र पासवर्ड तपासत बसलो होतो. क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्राम बसवून वेळ आधी जुळवून घ्या.

नावाचंही तसंच. प्रमाणपत्रात सर्व्हरचं जे पूर्ण नाव आहे, त्याच नावाने त्याला हाक मारायची. नुसता आयपी पत्ता दिला तर सहसा जमत नाही. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस सेवा नसेल तर होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ घाला. प्रमाणपत्र तुमच्याच सीएने (प्रमाणपत्रं देणाऱ्या यंत्रणेने) दिलेलं असेल, तर त्या सीएची फाइल ‘सीआरटी’ शेपटीसह स्थानिक प्रमाणपत्रांच्या फोल्डरात टाकून अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवा.

मग एसएसएसडी, म्हणजे क्लायंटच्या वतीने सर्व्हरला विचारणारी सेवा, त्याचा एलडीएपी भाग आणि एनएसएस (खात्यांची माहिती शोधणारी व्यवस्था) व पॅम (लॉगिन तपासणारी व्यवस्था) यांची त्याची पॅकेजेस बसवा. एसएसएसडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ओळख आणि पासवर्ड या दोन्हींसाठी एलडीएपी लिहा, सर्व्हरचा पत्ता आणि शोधाची मूळ जागा (डिरेक्टरीत शोध जिथून सुरू होतो ती) द्या, साधी जोडणी एनक्रिप्टेड करणारं स्टार्टटीएलएस चालू करा. स्टार्टटीएलएस ३८९ या पोर्टवर चालतं. ६३६ वर जोडणी पहिल्यापासून एनक्रिप्टेड असते, तो वापरत असाल तर ते लागत नाही. एनक्रिप्शनशिवाय पासवर्ड तपासायला एसएसएसडी तयारच होत नाही, आणि ते बरंच आहे. फाइलची मालकी रूटची आणि परवानगी ६०० (वाचणं-लिहिणं फक्त मालकाला) ठेवा, नाहीतर बऱ्याच आवृत्त्यांत सेवा उठतच नाही. पासवर्ड कॅशे करण्याची, म्हणजे मशिनवर साठवून ठेवण्याची ओळही घाला. पावसात वीज जाऊन सर्व्हर पडला, तरी त्या मशिनवर आधी लॉगिन केलेल्यांचं काम त्यामुळे अडत नाही.

पॅम-ऑथ-अपडेट चालवून एसएसएस आणि ‘लॉगिनच्या वेळी होम फोल्डर तयार करा’ या दोन्हींवर खूण करा. सेवा पुन्हा सुरू करा.

तपासताना एलडीएपीसर्च या कमांडने सर्व्हर बोलतो का, ते आधी पाहा. मग गेटेंट या खाती दाखवणाऱ्या कमांडला एका वापरकर्त्याचं नाव देऊन विचारा. नाव न देता विचारलंत तर फक्त स्थानिक खाती दिसतील. घाबरू नका, सगळी यादी ओढायची नाही हीच एसएसएसडीची सवय. शेवटी दुसऱ्या टर्मिनलमधून खरंखुरं लॉगिन करून बघा. सर्व्हरवर बदल करूनही जुनीच माहिती दिसत असेल तर एसएसएस-कॅशेने साठवण बाद करा.

एक खोड उरते. खाती कुठे आधी शोधायची ते ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलमध्ये ‘फाइल्स’ (स्थानिक खाती) आधी आणि ‘एसएसएस’ नंतर असतं, म्हणून मशिनवर त्याच नावाचं जुनं खातं असेल तर तेच जिंकतं. ते खातं काढा, होम फोल्डर मात्र राहू द्या. मग फाइंड कमांडने जुन्या यूआयडीच्या फाइली शोधून, मालक बदलणाऱ्या चोऊन (chown) कमांडने नव्या क्रमांकावर करा. आमच्याकडे पाचही नाईकांची १००१ ची गुंतवळ सुटली ती इथे.