पेयोट टाका शिकायचाय? सरळ ब्रेसलेटच करायला घ्या

पेयोट म्हणजे सुई-दोऱ्याने मणी एकमेकांत गुंफून पट्टी विणायची पद्धत. नागपूरच्या बर्डी बाजारातून 11 नंबरचे, म्हणजे अगदी बारीक, काचेचे मणी आणले, दोन रंगांचे घ्या बरं, एकाच रंगात ओळच कळत नाही. लांब बारीक बीडिंग सुई आणि भरपूर नायलॉन दोरा. मणी ताटलीत नका ओतू, जुन्या टॉवेलवर ठेवा आणि कूलर दुसरीकडे फिरवा, माझी अर्धी पुडी एका झोतात पलंगाखाली गेली, आई अजून झाडूत मणी काढते.

दोऱ्याच्या टोकाला वीतभर शेपूट सोडून एका मण्यातून दोनदा सुई काढा, हा नुसता अडवायला, नंतर काढून टाकायचा. आता 8 मणी ओवा. मग नववा घ्या, आठवा सोडा आणि सातव्यातून उलटं या, परत एक घ्या, सहावा सोडा, पाचव्यातून, असंच पहिल्यापर्यंत. इथे सगळं वाकडंतिकडं दिसते, काहून बिघडलं म्हणून उसवू नका बापा, मी तीनदा उसवलं. पुढच्या ओळीपासून काही मणी दातांसारखे वर येतात, नवा मणी घ्यायचा आणि त्या वर आलेल्या मण्यातून सुई काढायची, बस. दर ओळीत चारच मणी लागतात. दोरा ओढा पण फार नाही, पट्टी गोल वळायला लागली की समजा जास्त ताणलं.

मनगटाला पुरली की एका टोकाला बटन, दुसरीकडे मण्यांचा फास. शेपूट मागे मण्यांतून फिरवून मगच कापा.